अर्ध्याची खूण

४ फेब्रुवारी

प्रिय टिंबू,

फोनवर तू "हो, हो, बोल" म्हणतोस आणि मागे तुझी बोटं कीबोर्डवर चालू असतात, म्हणून कागदावर लिहितेय. कागद तरी तुला दोन मिनिटं हातात धरावा लागेल.

माझं गाऱ्हाणं तुमच्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरबद्दल आहे. तू तिथे तपासणी खात्यात बसतोस, तेव्हा ऐकणं तुझ्याच नशिबी. गेल्या वर्षभरात तुम्ही चार अपडेट पाठवलेत. पहिल्यात माझी समासपट्टी गायब झाली. दुसऱ्यात ती परत आली, पण समास सरकले. तिसरं घेतल्यापासून मशीन दुपारी एकदा तरी मान टाकतं, आणि उठतं तेव्हा मागच्या अर्ध्या तासातलं त्याला काही आठवत नाही. चौथ्यात तुम्ही एवढंच केलंत की वीस वर्षं ज्या जागी माझं बोट आपोआप जायचं, तिथलं बटण उचलून दुसरीकडे नेऊन ठेवलंत. स्वयंपाक करताना कुणी येऊन मिठाचा डबा हलवावा, तसं.

आता पाचवं आलंय. मशीन उघडलं की रोज विचारतं, घेता का. मी नाही म्हणते. काल त्याने सांगितलं की पंधरा तारखेनंतर जुनं व्हर्जन उघडणारच नाही. म्हणजे विचारणं संपलं.

अडचण अशी आहे की माझ्या हातात डॉक्टरीणबाईंचं पुस्तक आहे. मागे सांगितलं होतं, लहान मुलांवर उपचार करणाऱ्या परिचारिकांसाठी. जिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो तिथे हेच टेबलावर राहणार. दोनशे बारा पानं, आणि त्यात नुसती औषधांची मापं. अर्धी गोळी, दीड चमचा, अडीच मिली. जानेवारीत मी शेवटचं प्रूफ दोनदा वाचलं, एकदा सरळ आणि एकदा मागून पुढे. सगळं बरोबर होतं. डॉक्टरीणबाईंनी सही केली. आणि काल त्यांचा फोन, सातव्या पानावरचा दवाखान्याचा नंबर बदललाय. एका ओळीचं काम. पण छापखान्यात आता नवंच व्हर्जन आहे, म्हणजे फाइल नव्यात उघडून द्यावी लागणार, बारा तारखेला छापखान्यात पाठवायची आहे, आणि माझ्या मनात पाल चुकचुकतेय.

तू एवढंच सांग. नवीन व्हर्जन घेऊन सातवं पान दुरुस्त केलं, तर बाकीची पानं मी परत वाचायला हवीत का? वाचायला मला चार दिवस लागतील. तू सांगशील तसं करीन.

तुझ्या दाजींचा गुडघा बरा आहे. छकुलीला आत्याचा पापा.

तुझी ताई


७ फेब्रुवारी

ताई,

पत्र वाचून बायको आणि मी दोघंही हसलो. मिठाच्या डब्याचं मी आमच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे.

अपडेट बिनधास्त घे. हे आधीच्यांसारखं नाही. जुन्या फाइल नव्यात नीट उघडतात की नाही, हे या वेळी माझ्याच टेबलावर होतं. तीन महिने दुसरं काही केलं नाही मी. एकदोन बारीकसारीक गोष्टी राहिल्यात, पण त्या तुझ्या वाटेला जाणाऱ्या नाहीत.

सातवं पान दुरुस्त कर, तेवढं एक पान बघ आणि पाठवून दे. दोनशे बारा पानं परत वाचत बसू नकोस. माझ्यावर सोड.

इकडे घाई आहे. साहेबांनी जुनं बंद करायची तारीख जाहीर करून टाकली आहे, आता ती पाळायची आहे.

टिंबू


१३ फेब्रुवारी

प्रिय टिंबू,

घेतलं. सातवं पान दुरुस्त केलं, तेवढंच बघितलं आणि काल पुस्तक गेलं. वाचलेल्या चार दिवसांत मी पडदे धुतले, प्रुफांची रद्दी घातली आणि दुपारची झोप घेतली. टेबल कितीतरी दिवसांनी दिसतंय.

घरात तुझ्यासारखा माणूस असणं बरं असतं.

ताई


२ एप्रिल

प्रिय टिंबू,

हे पत्र नीट बसून वाच.

पुस्तक मार्चच्या मध्याला छापून आलं. दीड हजार प्रती, पैकी तीनशे दवाखान्यांत पोचल्या. परवा सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. एरवी त्या भराभर बोलतात, परवा एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. एका लहान दवाखान्यात एक मूल झटके आले म्हणून आणलं होतं. तिथल्या परिचारिकेने पुस्तक उघडलं, वजन बघितलं, त्यासमोरचं औषध दिलं. मूल झोपलं आणि उठेना. मोठ्या दवाखान्यात नेलं, दोन रात्री नळ्या लावल्या. आता बरं आहे. हे आधी सांगायला हवं होतं, मूल बरं आहे.

पुस्तकात अर्धी गोळी असायला हवी होती. छापलंय नुसतं "गोळी". अर्ध्याची खूण, ½, नाहीच.

मी फाइल उघडली. फाइलमध्येही नाही. सगळं पुस्तक चाळलं, तर अशा एकेचाळीस जागा निघाल्या. दीड, अडीच शाबूत आहेत. आकड्याला चिकटलेलं अर्धं जागेवर आहे, आणि एकटं उभं असलेलं अर्धं कुठेच नाही.

मी ते घातलं होतं, टिंबू. मला स्वतःच्या हाताने घातल्याचं आठवतंय. पण सही केलेलं प्रूफ रद्दीत गेलं आणि जुनी फाइल तुमच्या नव्या व्हर्जनने नव्यात बदलून टाकली. माझ्याकडे दाखवायला काही नाही.

हे तुमच्या अपडेटने केलं असेल का? तिथे कुणाला तरी विचार. मला डॉक्टरीणबाईंना काहीतरी उत्तर द्यायचं आहे.

ताई


११ एप्रिल

ताई,

वाचून फार वाईट वाटलं. मूल बरं आहे हे महत्त्वाचं.

मी इथे चौकशी केली. अशी तक्रार दुसऱ्या कुणाची आलेली नाही. हजारो लोक हे वापरतात, अर्धी चिन्हं गळायला लागली असती तर बोंब झाली असती.

ताई, राग मानू नकोस. डॉक्टरीणबाईंचं हस्तलिखित तू स्वतः टाइप केलंस ना? एकटं अर्धं फार बारीक दिसतं. टाइप करताना काही ठिकाणी राहून गेलं असेल, आणि वाचताना मनाने ते भरून घेतलं असेल. असं होतं. तू या वर्षी चोपन्नची झालीस, दिवसाचे आठ-आठ तास स्क्रीनसमोर असतेस. एकदा डोळे तपासून घे. मी काळजीपोटी सांगतोय.

टिंबू


३० एप्रिल

प्रिय टिंबू,

तू म्हणालास तसं डोळे दाखवले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. डॉक्टर म्हणाला, अगदी सुरुवात आहे, यामुळे वाचण्यात काही फरक पडायला नको. पण त्याला काय माहीत माझं वाचणं कसं असतं ते.

डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं की चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, "मीही सही केली होती." त्या चांगल्या आहेत म्हणून असं म्हणाल्या.

मुलाच्या आईकडेही आम्ही दोघी जाऊन आलो. तिसऱ्या मजल्यावर एक खोली. मूल खाटेवर बसून चमच्याने भांडं वाजवत होतं. ती परिचारिका आमच्या आधीच येऊन बसली होती. मी मुलाच्या आईला सांगितलं की पुस्तक मी मांडलं होतं. ती म्हणाली, "सिस्टरांनी लिहिलं होतं तेवढंच दिलं." मला वाटतं, ती परिचारिकेची बाजू घेत होती. माझ्याकडे तिने बघितलंच नाही.

सगळ्या प्रती परत मागवल्या. छापखानेवाल्यांनी मागची खोली मोकळी करून दिली. मी रोज सकाळी नऊला जाते आणि काळ्या शाईच्या पेनाने एकेक अर्धं घालते. एका पुस्तकात एकेचाळीस. दिवसाला साठ प्रती होतात, हात चांगला असला तर पासष्ट. छापखानेवाले मधूनमधून येऊन उभे राहतात. माझ्याबरोबर तीस वर्षं काम केलंय त्यांनी. काल म्हणाले, "बाई, तुमच्या हातून हे झालं असेल असं मला वाटत नाही." मी म्हटलं, झालंय.

शाळेची पाठ्यपुस्तकं होती ना पुढच्या वर्षीची, ती परत केली. लहान मुलांची पुस्तकं आता माझ्या हातात नकोत. कॅलेंडरं आणि पत्रिका करीन, तिथे कुणाचा जीव जात नाही. तुझे दाजी म्हणतात, घाई करू नकोस. पण संध्याकाळी मी वर्तमानपत्र उघडते आणि एकच ओळ तीन-तीनदा वाचते. शब्द खरंच तिथे आहे की मीच मनाने घालतेय, हे कळत नाही.

तुमच्या सॉफ्टवेअरवर मी खापर फोडायला निघाले होते, त्याची लाज वाटते. तू तीन महिने खपला होतास त्याच्यावर. मनात ठेवू नकोस.

ताई


१२ मे

ताई,

तुझ्या नावाने एक मोठा स्क्रीन पाठवला आहे. सत्तावीस इंची, डोळ्यांना त्रास न होणारा. दाजींना सांग, मागच्या डब्यातली तार निळ्या खाचेत लावायची.

काम सोडू नकोस. तुझ्यासारखं काम कुणाचं नाही.

टिंबू


२० जुलै

टिंबू,

आज सकाळी छापखानेवाले घरी आले. तीस वर्षांत ते माझ्या घरी दोनदा आलेत, तुझ्या दाजींच्या ऑपरेशनच्या वेळी आणि आज. हातात एक कागद होता. तुमचं सहावं अपडेट त्यांच्या मशीनवर आलं, त्याच्याबरोबर दुरुस्त्यांची यादी असते. ती कुणी वाचत नाही. त्यांनी एप्रिलपासून ठरवलं होतं म्हणे, आलेली प्रत्येक यादी वाचायची. मला बोलले नव्हते.

एकशे सतरावी ओळ त्यांनी लाल पेन्सिलीने अधोरेखित केली होती. जशीच्या तशी लिहिते.

"जुनी फाइल नव्या व्हर्जनमध्ये उघडल्यावर अपूर्णांकाचं एकटं उभं असलेलं चिन्ह गळून जात असे. दुरुस्त केलं. पहिली नोंद १९ जानेवारी."

मी तुला विचारलं ४ फेब्रुवारीला.

ही ओळ मी तीनदा नाही, एकदाच वाचली. व्यवस्थित दिसली.

जुन्या फाइल तुझ्या टेबलावर होत्या, असं तूच लिहिलं आहेस. तुझी सगळी पत्रं माझ्यासमोर आहेत. मला एकच सांग, १९ जानेवारीला ही नोंद कुणी केली?

ताई


१ ऑगस्ट

ताई,

मी केली.

दहा दिवस उत्तर लिहून फाडतोय. आता जे आहे ते लिहितो.

जानेवारीत जुन्या फाइल उघडून बघताना मला ते दिसलं. आमच्याकडे प्रत्येक चुकीपुढे ती किती गंभीर आहे ते लिहावं लागतं. गंभीर लिहिलं तर तारीख पुढे जाते. तोवर साहेब येऊन दोनदा विचारून गेले होते, अजून काय काय आहे. मी लिहिलं, "क्वचित, विशिष्ट जुन्या फॉन्टमध्येच." ती नोंद पुढच्या व्हर्जनसाठी गेली.

तुझं पत्र आलं तेव्हा "अर्धी गोळी" वाचून मी थांबलो होतो. हे तुला सांगायचं नव्हतं, पण आता सांगतो. थांबलो, आणि स्वतःशीच म्हटलं की तिचा फॉन्ट दुसरा असेल. विचारायला एक ओळ पुरली असती. विचारलं नाही, कारण तू "तोच" म्हणाली असतीस तर मला तुला सांगावं लागलं असतं की घेऊ नकोस. कंपनीने जाहीर न केलेली चूक बाहेरच्या माणसाला सांगायची नाही, अशी आमच्याकडे सही घेतलेली असते. आणि खरं सांगू का, माझं काम चोख नाही हे तुला कळायला नको होतं.

एप्रिलमध्ये तुझं पत्र वाचलं आणि मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो. तक्रार दुसऱ्या कुणाची नाही, हे खरंच होतं. दोन दिवसांत सांगेन, मग आठवड्यात सांगेन, असं म्हणत होतो. तोवर तू डॉक्टरीणबाईंना सांगूनही टाकलंस. मग वाटलं, आता सांगून काय होणार.

तू मला काहीही बोल. मारलंस तरी चालेल. फक्त बोलणं टाकू नकोस.

टिंबू


९ ऑगस्ट

टिंबू,

मारायचं वय गेलं तुझं.

पानं न वाचण्याची चूक माझी आहे, ती मी तुझ्यावर ढकलणार नाही. वीस वर्षं मी एक ओळ बदलली तरी पुस्तक पुन्हा वाचते. या वेळी वाचलं नाही, कारण तू म्हणालास. पण तुझं ऐकायचं हे मीच ठरवलं होतं.

फेब्रुवारीतलंही मी समजू शकते. माणूस घाबरतो, साहेब डोक्यावर उभा असतो. मशीनने माझं काम बिघडवणं मला नवीन नाही. मशीनला मी शिव्या दिल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याचसमोर बसले असते.

पण तू मला माझे डोळे खोटे ठरवायला लावलेस. ते पत्र तू विचार करून लिहिलंस. टाइप करताना राहून गेलं असेल, मनाने भरून घेतलं असेल, चोपन्नची झालीस. तुला माहीत होतं की मी तुझं ऐकेन. सगळ्या जगात तुझंच ऐकेन. तीन महिने मी माझ्याच टेबलाशी बसून माझ्याच डोळ्यांना विचारत होते, खरं सांग. दाजींनी भाजीची यादी दिली तरी दुकानदाराकडून वाचून घेत होते. आणि तू स्क्रीन पाठवलास. तो बॉक्समध्ये घालून ठेवलाय. परत पाठवायचा की काय ते तू सांग, मला घरात नको आहे.

आईची रात्रपाळी असायची तेव्हा तू माझ्या टेबलाखाली बसून प्रुफं बघायचास. सात वर्षांचा होतास. राहिलेली टिंबं शोधायचास, म्हणून तुझं नाव पडलं. एकदा सापडलेलं टिंब तू मला सांगितलं नाहीस असं कधी झालं नव्हतं. मला वाटायचं की हे मी शिकवलं. आता वाटतं की तुला तेव्हा शाबासकी हवी होती, एवढंच असेल.

माझी माफी मागू नकोस. माझ्याकडे आत्ता द्यायला नाही. दोन पत्रं लिही. एक डॉक्टरीणबाईंना आणि एक त्या परिचारिकेला. ती अजूनही रोज कामावर जाते आणि प्रत्येक गोळी हातात घेऊन उभी राहते, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या. कुणी काय केलं आणि कधी, हे तारखांसकट लिही. तुझ्या ऑफिसने सही घेतली असेल तर ते तू बघ.

ताई


२२ ऑगस्ट

ताई,

दोन्ही पत्रं काल टाकली. साहेबांना आधी सांगितलं. ते म्हणाले, वकिलाला विचारल्याशिवाय पाठवू नकोस. मी म्हटलं, पाठवली आहेत. तोवर पाठवली नव्हती, तिथून उठलो आणि पोस्टात गेलो. मला घरी बसायला सांगितलंय, पुढचं कळवतील.

बायकोला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. काल छकुलीला म्हणाली, "आत्याला फोन लाव," आणि मग स्वतःच फोन काढून घेतला.

चौदा सप्टेंबरला मी तिकडे येतोय. दुपारच्या गाडीने. स्क्रीन मीच घेऊन जाईन.

टिंबू


२ सप्टेंबर

टिंबू,

डॉक्टरीणबाईंनी तुझं पत्र मला वाचायला दिलं. नीट लिहिलं आहेस, स्वतःला कुठे वाचवलेलं नाहीस. त्यांनी दोनदा वाचलं आणि फाइलला लावलं. मग त्यांच्या खुर्चीतून उठून टेबलाला वळसा घालून माझ्याकडे आल्या आणि शेजारी बसल्या. तिथूनच हात लांबवून त्यांनी दुसऱ्या आवृत्तीचं हस्तलिखित काढलं.

ते काम मी घेतलंय. जुनं मशीन छापखानेवाल्यांच्या मागच्या खोलीत लावलंय, इंटरनेटची तार काढून. तुमचं काहीही आता त्याच्यापर्यंत पोचणार नाही. मापांची पानं मी स्वतः वाचते, आणि मग रविवारी ती परिचारिका येते. ती मोठ्याने वाचते, मी हस्तलिखितावर बोट ठेवते. दर अर्ध्यापाशी ती थांबते आणि माझ्याकडे बघते, मी मान हलवली की पुढे जाते. तुझ्या पत्राबद्दल तिला विचारलं. म्हणाली, आलंय. आणि पुढचं पान उघडलं.

डोळे ठीक आहेत. पहिले काही दिवस त्यांच्यावर विश्वास बसत नव्हता, आता बसतोय. मोतीबिंदू आहे तेवढाच आहे.

तुझ्या नोकरीचं काय होईल ते होईल. हात चालतात तुझे, उपाशी राहणार नाहीस. बायकोचा रुसवा मनावर घे, तिचं बरोबर आहे.

चौदाला येतो म्हणालास. ये. दाजींना सांगितलंय, त्यांनी ऐकून घेतलं. पूर्वी तू येतो म्हटलंस की मी आदल्या दिवशीच तुझी गादी घालून ठेवायचे, उशीला धुतलेला अभ्रा चढवायचे, आणि गाडीच्या वेळेपासून गॅलरीत उभी राहायचे. या वेळी तसं काही करणार नाही. तू दारात दिसलास की मग गादी घालीन.

ताई